सिएनाच्या फलकचित्रांसारखं सोनं चमकत नाही, जेसोला तडे जातात: कारणं आणि कृती

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही पुण्यात चौदाव्या शतकातल्या, इटलीतल्या सिएना शहराच्या धाटणीची, मेरी आणि बाळ येशूची ३० × ४० सें.मी.ची फलकप्रत करताय. पहिल्या खेपेला प्लायवूडवर तयार ॲक्रिलिक जेसो (रंग-सोन्याखालचा पांढरा लेप), त्यावर लाल ॲक्रिलिक रंग आणि मग चिकट द्रावणाने सोन्याचा वर्ख लावला. सोनं लग्नपत्रिकेवरच्या कागदासारखं सपाट दिसलं आणि अकीकाच्या घोटणीने (घासून चकाकी आणायच्या गुळगुळीत दगडी हत्याराने) घोटायला गेलात तर फाटलं. दुसऱ्या खेपेला सरस आणि खडूच्या पुडीचा जेसो घरी केलात, आठ हात दिले, आणि रात्रीतून त्यावर केसासारख्या बारीक तड्यांची जाळी उमटली. आता महागडा इटालियन वर्ख मागवावा का, असं विचारताय.

तूर्त मागवू नका. तुमच्या दोन्ही अपयशांचा वर्खाशी संबंध नाही. आजचं सोन्याचं पान एक मायक्रॉनच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं पातळ असतं. त्याला स्वतःचा गुळगुळीतपणा नसतो, खाली जे असेल तेच ते दाखवतं. घोटताना आपण सोन्याच्या वरून खालची चिकणमाती आणि तिच्याखालचा जेसो दाबून घट्ट करत असतो. मातीला जी झिलई येते ती सोनं उचलतं. म्हणून खालचे थर दाबले जाणारे आणि पाणी पिणारे असावे लागतात. ॲक्रिलिक हे प्लास्टिक. ते दबत नाही, रबरासारखं परत वर येतं, आणि पाणी शोषत नाही. त्यावर शंभर नंबरी सोनं लावलंत तरी घोटता येणार नाही. तुमची दुसरी वाट बरोबर होती. फक्त तिथे सरसाचा जोर चुकला, आणि तो नेमका कुठे चुकला असावा तेही तुमच्या वर्णनावरून बऱ्यापैकी कळतं. त्याकडे येतोच.

पुढे मी जी प्रमाणं देतोय ती सुरुवातीची समजा. सरस कोणत्या जातीचा, खडू किती बारीक, हवा किती दमट, यावर ती बदलतात. हे तंत्र लिहून ठेवणारा इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी १४००च्या सुमारास काम करत होता आणि त्याचं शिक्षण अन्योलो गाद्दी या चित्रकाराच्या हाताखाली झालं होतं. तोही जागोजागी हवामान बघायला सांगतो: हिवाळ्यात हवा ओलसर आणि मऊ असेल तर हवं तितकं सोनं लावा, उन्हाळ्यात मात्र एका तासात लावा आणि पुढच्या तासात घोटा. पुण्याचा मे महिना आणि मुंबईचा जुलै यांत तर याहून मोठा फरक आहे. म्हणून प्रत्येक टप्प्याची चाचणी सांगतो. आकड्यांपेक्षा चाचणीवर भरवसा ठेवा.

सगळ्या कामाचा एक नियम आहे: वरचा थर खालच्या थराइतका किंवा त्याहून कमी जोराचा हवा. लाकडावरच्या सरसाला सगळ्यात जास्त जोर, जेसोला त्याहून कमी, लाल मातीला सगळ्यात कमी. सरस वाळताना आकसतो. वरचा थर जोरदार असेल तर तो आकसताना खालच्या कमकुवत थराला ओढतो आणि तडकतो.

आधी लाकूड. इटलीतले चित्रकार बहुतेक पॉप्लरच्या फळ्या वापरत, उत्तरेकडे ओक. सुताराकडून नीट वाळलेली जुनी फळी मिळाली तर उत्तम, पण प्रतीसाठी १८ मि.मी.चं चांगलं प्लायवूड चालतं. त्याचा पृष्ठभाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा, कडा किंचित गोल करा. टोकदार कडेवर जेसो हमखास टवके होऊन उडतो.

सरस १ भाग आणि पाणी १० भाग, वजनाने. म्हणजे १०० ग्रॅमला एक लिटर. रात्रभर थंड पाण्यात भिजवा, सकाळी गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. ५०–५५ अंशांवर थांबा. ६०च्या वर गेलात की सरसाचा जोर उतरायला लागतो, आणि उकळलात तर तो टाकूनच द्यायचा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दाणेदार सरस बहुधा हाडांचा असतो, तो सशाच्या कातड्याच्या सरसापेक्षा कमी जोराचा आणि जास्त ठिसूळ. सशाचा ऑनलाइन मिळतो, या कामाला तोच घ्या. चेन्नीनी बकरीच्या चर्मपत्राच्या कातरणांचा सरस घरी करायचा. तत्त्व तेच, कातड्याचा सरस लवचीक असतो. एक कप द्रावण फ्रिजमध्ये ठेवून गोठू द्या आणि बोटांनी चिरून बघा. चिरलेली कड खडबडीत, दाणेदार दिसली की जोर ठीक. रबरासारखी गुळगुळीत, कडक फाटली तर पाणी वाढवा. नुसती पाणचट थरथरत असेल तर सरस कमी पडलाय. वास आला की द्रावण फेकून द्या, कुजलेला सरस काही धरून ठेवत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फ्रिजबाहेर तो एक-दोन दिवसांतच बिघडतो.

लाकडाला पहिला हात निम्मं पाणी घातलेल्या सरसाचा द्या, म्हणजे तो आत मुरेल. वाळल्यावर पूर्ण जोराचा दुसरा हात. मागच्या बाजूलाही तेच करा, नाहीतर प्लायवूड एकीकडे कमान धरतं. मग जुनं, अनेकदा धुतलेलं सुती किंवा तागाचं कापड याच सरसात बुडवून, पिळून पुढच्या बाजूवर बसवा. मधून कडांकडे हात फिरवत सगळी हवा बाहेर काढा. मध्ययुगीन फलकांवरही असं कापड असायचं. लाकूड हललं तर ताण कापडाने झेलावा आणि जेसोपर्यंत पोचू नये, हा त्याचा उपयोग. पूर्ण एक दिवस वाळू द्या.

आता जेसो. इथे दोन परंपरा आहेत. इटलीत जिप्सम वापरत, आल्प्सच्या उत्तरेला नैसर्गिक खडू. लंडनच्या नॅशनल गॅलरीतला चौदाव्या शतकाच्या अखेरचा विल्टन डिप्टिक (दोन फळ्यांचं जोडचित्र) ओकवर आणि खडूवर केलेला आहे, सिएनाचे फलक पॉप्लरवर आणि जिप्समवर. घोटायला दोन्ही चालतात. इटालियन पद्धतीत आधी जाडा जेसो आणि त्यावर बारीक जेसो असे दोन प्रकार येतात. बारीक जेसोसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस भरपूर पाण्यात घालून सुमारे महिनाभर रोज ढवळायचं. जास्त पाण्यात सतत हलवल्याने त्याचे स्फटिक एकमेकांत गुंतत नाहीत, ते दगड न होता रेशमासारखं मऊ बसतं. मग पिळून वड्या करून ठेवायच्या. तुम्हाला ऐतिहासिक पद्धत तंतोतंत हवी असेल तर हे करून बघण्यासारखं आहे, बालदीत एकास दहा पाणी घ्या आणि पहिला तासभर हात थांबवू नका. पण आत्ताच्या प्रतीसाठी बारीक कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं व्हाइटिंग घ्या. दोन गोष्टी टाळा: ‘फ्रेंच चॉक’ म्हणून मिळते ती संगजिऱ्याची पूड असते, तिची पकड बसत नाही, आणि फळ्यावर लिहायच्या खडूच्या कांड्या कुटून वापरू नका, त्यांत आधीच काय मिसळलंय त्याचा भरवसा नाही.

जेसोसाठी वरच्या सरसाचे दोन भाग आणि पाण्याचा एक भाग, म्हणजे साधारण १:१५. तुमच्या आकाराला ३०० मि.लि. द्रावण आणि ४५० ग्रॅमच्या आसपास खडू पुरतो, मागच्या बाजूच्या दोन-तीन हातांसकट. खडू चाळणीने हळूहळू भुरभुरवा, ढवळू नका. तो आपोआप बुडतो. पृष्ठभागावर कोरडी बेटं राहायला लागली की थांबा. पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग ब्रशने अगदी सावकाश मिसळा आणि मलमलीतून गाळा. जोरात फेटलंत की हवेचे बुडबुडे शिरतात. तेच पुढे जेसोवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे होतात आणि प्रत्येक खड्डा सोन्यात काळा ठिपका म्हणून दिसतो. नंतर भरता येत नाही.

पहिला हात ब्रशने लावून लगेच तळव्याने आणि बोटांनी कापडाच्या विणीत चोळा. त्यानंतरचे हात नुसत्या मऊ ब्रशने, एक आडवा, एक उभा. आधीच्या हाताची ओली चमक गेली पण बोटाला अजून थंड लागतंय, अशा वेळी पुढचा द्यायचा. चेन्नीनी बारीक जेसोचे किमान आठ हात सांगतो. सगळे एकाच दिवसात संपवा. रात्रीची विश्रांती घेऊन सकाळी उरलेले चार दिलेत तर दोन वेगळे पापुद्रे होतात आणि घोटताना वरचा सुटतो.

आता तुमच्या जाळीबद्दल. तुम्ही म्हणता द्रावण दिवसभर गॅसवर कोमट ठेवलं होतं, घट्ट व्हायला लागलं तसा थोडा सरस घालत गेलात, आणि वाळवायला पंखा लावला होता. कारण इथेच आहे. कोमट भांड्यातून दिवसभर पाणी उडत असतं, सरस तिथेच राहतो. म्हणजे काही न करताही आठव्या हाताचा जोर पहिल्यापेक्षा जास्त झालेला असतो. त्यात तुम्ही वरून सरस घातलात. नियम उलटा झाला: खाली कमकुवत, वर जोरदार. पंख्याने वरची कातडी आधी वाळवली आणि ती आकसली. केसासारखी जाळी याचीच खूण आहे. भांड्यावर पातळीची खूण करा, झाकण ठेवा, आणि पातळी उतरली की फक्त कोमट पाणी घाला. पंखा बंद. हवा अगदी कोरडी असेल तर खोलीत ओला टॉवेल टांगून ठेवा.

तडे वेगळ्या प्रकारचेही असतात, ते ओळखायला शिका. लांब, सरळ, लाकडाच्या रेषेने जाणारी भेग म्हणजे लाकूड हललंय. तिथे जेसोचा दोष नाही. बोट फिरवल्यावर पांढरी पूड लागत राहिली तर जेसोत सरस कमी. नख रुतत नाही आणि काचेसारखा टणत्कार येतो, तर सरस जास्त. असा जेसो तडकला नाही तरी घोटताना दबणार नाही. चांगल्या जेसोवर नखाची किंचित खूण उमटते, पण पूड सुटत नाही.

दोन-तीन दिवस वाळल्यावर तासणं. कोळशाची पूड फडक्यात बांधून पुरचुंडी करा आणि फलकभर झटका. मग सरळ धारेच्या पोलादी पट्टीने खरवडा. जिथे काळं उरलं तिथे खळगा आहे. काळं पूर्ण जाईपर्यंत खरवडायचं. ही युक्ती चेन्नीनीचीच, आणि तिच्यापेक्षा चांगली मला अजून सापडलेली नाही. शेवटी ४०० आणि मग ८०० नंबरचा पेपर, कोरडा. जेसो एक मि.मी.च्या आसपास उरायला हवा. यानंतर पृष्ठभागाला उघड्या बोटांनी हात लावू नका.

आता रेखाटन. आकृती जिथे सोन्याला भिडते ती सगळी बाह्यरेषा सुईने जेसोत हलकेच कोरून घ्या. माती आणि सोनं चढल्यावर पेन्सिलची रेघ दिसत नाही, कोरलेली दिसते. सोनं या रेषेच्या आत दोन-तीन मि.मी. शिरेल असं लावायचं आणि नंतर जास्तीचं खरवडून टाकायचं.

लाल माती, म्हणजे आर्मेनियन बोल. ही गुळगुळीत, तेलकट लागणारी अतिशय बारीक चिकणमाती असते. लोहामुळे लाल. आपला गेरू रंगाने जवळचा, पण त्यात वाळूचे कण असतात आणि त्याला झिलई येत नाही. त्यामुळे ओली, दळलेली बोल विकत घ्या. १०० ग्रॅम कित्येक फलकांना पुरते. चेन्नीनी ती अंड्याच्या पांढऱ्यात कालवतो: पांढरं फेस येईपर्यंत फेटायचं, त्यात थोडं पाणी घालून रात्रभर ठेवायचं, खाली निथळलेलं वापरायचं. सुरुवात करताना मी सरसच सुचवीन, कारण त्याचा जोर मोजता येतो. जेसोचा १:१५चा सरस घ्या आणि त्यात तितकंच पाणी घाला. बोल त्यात आधी थोडी कालवून, मग सैल करून, दोनदा गाळा. पहिला हात दुधाइतका पातळ, पुढचे तीन किंचित दाट. सपाट मऊ ब्रश, एका दिशेने, मागे परत न जाता. चार हात झाल्यावर वाळू द्या आणि खरखरीत सुती कापडाने जोरात घासा. बोलला मंद, शिसवी चकाकी आली पाहिजे, आणि पांढरा कापूस फिरवल्यावर लाल डाग अगदी पुसट यायला हवा. कापूस भडक लाल झाला तर सरस कमी आहे. चकाकी आपोआप, घासण्याआधीच आली असेल तर जास्त आहे. दोन्ही वेळा ओल्या फडक्याने बोल पुसून पुन्हा द्या. इथे दुरुस्ती स्वस्त आहे, सोनं लागल्यावर नाही.

वर्खाबद्दल. तुमच्या पहिल्या प्रयत्नातलं पान १४ सें.मी. चौरस होतं असं लिहिलंय. तसं असेल तर ते पितळेचं होतं. खरं सोनं ८० मि.मी.च्या आसपासच्या पानांत, २५ पानांच्या पुस्तिकेत मिळतं. २२ कॅरेटच्या खाली जाऊ नका. पितळ घोटलं जात नाही आणि काही वर्षांत हिरवट काळं पडतं. मिठाईवरचा चांदीचा वर्खही काळवंडतो. चेन्नीनीच्या काळचं पान आजच्यापेक्षा जाड असायचं. तो सांगतो की सोनं कुटणारे एका डुकॅट या सोन्याच्या नाण्यातून १४५ पानं काढतात, पण सपाट पार्श्वभूमीसाठी १००च काढायला सांगा. डुकॅटमध्ये साडेतीन ग्रॅम सोनं, म्हणजे एका पानात सुमारे ३५ मिलिग्रॅम. आजच्या पानात साधारण १२ ते १८. म्हणून आज त्या सोन्याचा भरदारपणा हवा असेल तर दोन थर द्यावे लागतात. तुमच्या फलकावर सोनं साधारण निम्म्या भागावर, म्हणजे ६०० चौ. सें.मी.वर आहे. एकावर एक चढण धरून एका पानात जेमतेम ५५ चौ. सें.मी. झाकलं जातं. एका थराला ११, तुकडेतोड धरून १५ पानं. दोन थरांना ३०. दोन पुस्तिका घ्या.

लावताना पंखा, खिडकी, बोलणं सगळं बंद. फलक थोडा तिरका ठेवा. चामड्याच्या गादीवर पान पसरवून बोथट सुरीने तुकडे करा आणि खारीच्या केसांच्या चपट्या ब्रशने उचला. ब्रश गालावर एकदा फिरवला की पान धरण्यापुरता तेलकटपणा येतो. पाणी तीन भाग, रंगहीन आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, आणि पेलाभर मिश्रणाला तुमच्या जेसोच्या सरसाचे दोन-चार थेंब. पानाएवढ्याच जागेवर ते भरपूर लावा, जागा डबडबली पाहिजे. पान अर्ध्या सेंटिमीटरवर आणलंत की पाणी त्याला स्वतःकडे ओढून घेतं. पुढचं पान चार-पाच मि.मी. वर चढवा. पाणी आधी लागलेल्या सोन्यावरून वाहू देऊ नका. जिथे वाहिलं तिथे घोटल्यावरही तपकिरी डाग राहतो. म्हणूनच वरून खाली काम करायचं. पाच-दहा मिनिटांनी कापसाने हलकं दाबा. लाल भेगा उरल्या असतील तर त्यांवर तोंडाची वाफ सोडून छोटे तुकडे बसवा. दुसरा थर पहिला पूर्ण वाळायच्या आत, त्याच दिवशी द्या, आणि त्यासाठी पाणी कमी घ्या.

पानांच्या जोडाच्या चौकोनी रेषा दिसल्या तर निराश होऊ नका. संग्रहालयात मूळ फलक तिरप्या उजेडात बघाल तर तिथेही त्या दिसतात, आणि सोनं झिजलंय तिथे खालची लाली.

घोटायची वेळ हा सगळ्यात नाजूक भाग. लवकर घोटलंत तर सोनं फाटून घोटणीला चिकटतं. उशीर झाला तर कितीही घासा, चकाकी येत नाही. समशीतोष्ण हवेत दोन ते चार तास धरा. कोरड्या मे महिन्यात एक तासातही वेळ निघून जाते, पावसाळ्यात रात्रभर थांबावं लागतं. घड्याळापेक्षा कान वापरा: अकीकाच्या टोकाने सोन्यावर हलकेच टकटक करा. आवाज बद्द आला तर आत ओल आहे. खणखणीत, दातावर ठोकल्यासारखा आला की सुरू करा. कोपऱ्यात बोटभर जागा आधी घोटून बघा. सोनं फारच कोरडं झालंय असं वाटलं तर फलक काही वेळ न्हाणीघरात, पाणी अंगावर उडणार नाही असा उभा करून ठेवा. चेन्नीनी त्यासाठी तळघर सुचवतो.

खंबायतच्या अकीकाची, कुत्र्याच्या सुळ्याच्या आकाराची घोटणी चांगली. त्या काळी हेमॅटाइटचा दगड किंवा खरोखरच मांसाहारी प्राण्याचे दात वापरत. दगड छातीशी धरून गरम करा, म्हणजे त्यावर दव राहणार नाही. पहिला फेरा अगदी हलका, वजन न देता. दुसरा थोडा दाबून, आधीच्या दिशेला आडवा. तिसऱ्यात हाताचं वजन. दगडाखाली कण लागल्याचं जाणवलं तर त्याच क्षणी थांबा, नाहीतर लांब ओरखडा जाईल.

आणि मग लोकांना धक्का बसतो ती गोष्ट घडते: नीट घोटलेलं सोनं समोरून काळपट दिसतं. तुम्हीही लिहिलंय की मूळ फलकांच्या काही फोटोंत पार्श्वभूमी तपकिरी दिसते, ती खराब झाली आहे का. नाही, तीच चांगल्या घोटाईची खूण आहे. चेन्नीनी म्हणतो, सोनं स्वतःच्या तेजाने जवळजवळ काळसर होतं. आरशासारखा पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परत पाठवतो. ती दिशा तुमच्या डोळ्याची नसेल तर तिथे अंधार. मेणबत्त्यांच्या उजेडात, चालत येणाऱ्या माणसासमोर, हेच सोनं हलतं. दिव्याखाली सपाट फोटो काढून पारख करू नका, एक दिवा बाजूला धरून फलकासमोरून चालून बघा.

हा काळोख फोडण्यासाठीच प्रभावळीवर ठसे मारत. सिएनाचा चित्रकार दूच्चो याच्या, १३०८ ते १३११ मध्ये सिएनाच्या कॅथेड्रलसाठी केलेल्या ‘माएस्ता’ या वेदीचित्रात प्रभावळींची नक्षी मुख्यतः हाताने कोरलेली आहे. त्याच शहरातल्या सिमोने मार्तीनीने फुला-पानांच्या आकाराचे धातूचे ठसे भरपूर वापरले. त्याची आणि लिप्पो मेम्मीची सही असलेलं १३३३चं, आता फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयात असलेलं ‘दैवी संदेशा’चं (देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतो त्या प्रसंगाचं) वेदीचित्र बघा. ठशाचा प्रत्येक खळगा वेगळ्या कोनाने प्रकाश फेकतो, म्हणून समोर कुठेही उभं राहिलं तरी प्रभावळ उजळ राहते. देवदूताच्या तोंडातून मेरीकडे जाणारी अक्षरं तर जेसोने उठाव देऊन त्यावर सोनं चढवलेली आहेत. तुम्ही पितळी सळईची टोकं कानशीने घासून दोन-तीन साधे ठसे करा: एक पोकळ वर्तुळ, एक भरीव ठिपका. कंपासाने वर्तुळं आखा, कंपासाच्या टोकाखाली चामड्याचा तुकडा ठेवा. ठसे घोटल्यावर त्याच दिवशी मारा, जेसोत किंचित ओल असताना. हातोडी छोटी, एकच टोला. जेसो पूर्ण सुकल्यावर मारलेत तर खळग्याच्या कडा तुटतात.

एक खबरदारी. आपल्याकडे शोधलं की बहुतेक व्हिडिओ तंजावर चित्रांचे सापडतात. मराठा राजांच्या आश्रयाने वाढलेल्या त्या कलेतही खडू-डिंकाचा उठाव आणि सोनं असतं, पण तिथे सोन्याचा जाडसर पत्रा चिकटवतात, बोलवर ओलं पान घोटत नाहीत. ती पद्धत तिच्या जागी उत्तम आहे. तिच्यातला डिंक या कामात आणलात तर बोल पाणी पिणार नाही.

रंगकाम सोन्यानंतर, अंड्याच्या पिवळ्या बलकात. चेहऱ्याखाली हिरव्या मातीचा थर विसरू नका, सिएनाच्या त्वचेचा रंग त्याशिवाय जुळत नाही. घोटलेल्या सोन्यावर वॉर्निश लावू नका, झिलई मरते आणि तुम्ही पुन्हा लग्नपत्रिकेवर येता.

पूर्ण फलक आत्ताच हाती घेऊ नका. १० सें.मी.चे चार प्लायवूडचे तुकडे घ्या. सरस आणि कापड सगळ्यांवर सारखं, जेसो मात्र १:१२, १:१५, १:१८ आणि १:२१ अशा चार जोरांचा. प्रत्येकावर तीच बोल आणि एकेक पान. मागे पेन्सिलने प्रमाण, तारीख आणि खोलीतली आर्द्रता लिहा. साधं आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतं. चारांपैकी एक तरी तुमच्या सरसाला आणि तुमच्या खोलीला जुळेल. चारही फसले तर चौघांचेही तिरप्या उजेडातले फोटो आणि मागच्या नोंदी इथेच टाका.